हलक्या पायाखाली सरकणारा ब्रेक

ब्रेकचे तेल उडून जात नाही. इंजिनाचे तेल थोडेफार जळते, रेडिएटरमधले पाणीही कमी होते, पण ब्रेकची व्यवस्था बंदिस्त असते आणि तिच्यातले तेल खर्च होण्यासाठी नसतेच. तरीही टाकीतली पातळी उतरली, तर कारणे दोनच संभवतात. एक म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला दाबून थांबवणारे पॅड झिजले असतील. पॅड जसजसे झिजतात तसतसे त्यांना दाबणाऱ्या कॅलिपरमधले पिस्टन बाहेर सरकतात आणि त्यांच्या मागे मोकळी झालेली जागा भरायला टाकीतले तेल खाली उतरते. ही उतरण महिनोन्‌महिने चालते आणि तिच्यात काळजीचे काही नसते. दुसरे म्हणजे तेल कुठून तरी बाहेर जात आहे. आमच्या गाडीचे पॅड नवे होते. वरच्या रेघेपर्यंत भरलेले तेल थोड्याच आठवड्यांत दोन रेघांच्या मधोमध सापडू लागले, तेव्हा पहिल्या कारणाला जागाच उरली नाही.

गळती शोधायची म्हणजे गाडीखाली वाकायचे, हा साधा आणि बरोबर रिवाज आहे. चारही चाकांच्या आतल्या बाजू मी चाचपून पाहिल्या, पाइपांचे सांधे फडक्याने पुसून पाहिले, आणि गाडी उभी असते तिथली फरशीही पाहिली. सगळे कोरडे होते. कोरडेपणाने हायसे वाटावे अशी मात्र ही बाब नाही, कारण तेल जाते आहे हे ठरलेले असताना ते कुठेच दिसत नसेल तर ते दिसणार नाही अशा जागी जात आहे, एवढाच त्याचा अर्थ होतो. अशी जागा ब्रेकच्या व्यवस्थेत एक आहे. पेडलचा जोर तेलावर देणारा छोटा सिलिंडर म्हणजे मास्टर सिलिंडर. त्याची मागची बाजू ज्या मोठ्या काळ्या डब्याला दोन नटांनी जखडलेली असते, तो डबा म्हणजे पायाचा जोर वाढवणारा बूस्टर. बूस्टरच्या पुढच्या कप्प्यात इंजिनाने ओढून घेतलेली पोकळी असते. सिलिंडरच्या मागच्या तोंडावरचे रबरी सील सैल झाले की ही पोकळी तेलाला थेंबाथेंबाने आत ओढत राहते, आणि एक थेंबही जमिनीवर पडत नाही. फार तेल साचले तर इंजिन ते ओढून जाळू लागते आणि मागून पांढरा धूर येतो; मग पुष्कळदा बिचाऱ्या इंजिनाचीच तपासणी सुरू होते.

दोन नटांच्या मधल्या फटीत खालून बोट फिरवले, तेव्हा ते ओले झाले. ब्रेकचे तेल इंजिनाच्या तेलासारखे जाड लागत नाही. ते पातळ असते, आणि दोन बोटांत चोळले की आधी निसरडे वाटून मग किंचित चिकटते. सिलिंडरच्या बरोबर खाली बूस्टरच्या पत्र्यावरचा रंग फुगला होता. नखाने एक पापुद्रा उचलला तर तो ओल्या कागदासारखा अलगद सुटून आला आणि खालचा पत्रा पिवळसर गंजलेला निघाला. ग्लायकोलपासून केलेले ब्रेक ऑइल रंग खाते, आणि रंग एका दिवसात इतका फुगत नाही. म्हणजे पातळी उतरल्याचे माझ्या लक्षात येण्याच्या पुष्कळ आधीपासून हे चालले असणार.

पण या सगळ्याच्या आधी, ज्या दिवशी टाकीची पातळी पाहण्याचे कोणाच्या मनातही नव्हते त्या दिवशी, माझी बहीण आमची गाडी चालवत होती. वर्षभराने ती ही गाडी चालवत होती. सिग्नलला थांबल्यावर दोन क्षणांतच ती म्हणाली, "दादा, तुझा ब्रेक खाली खाली जातोय रे." मी तिला म्हणालो की ब्रेक तर चांगला लागतो. "लागतो ना, पण थांबून राहिलं की पायाखालून सरकतो," ती म्हणाली. आम्हा घरच्यांपैकी कोणालाही तो सरकत असल्याचे जाणवले नव्हते, आणि त्याचे कारण निष्काळजीपणात शोधण्यापेक्षा पायाच्या स्वभावात शोधावे असे मला वाटते. जे रोज केसभर बदलते ते रोज दाबणाऱ्या पायाला कळत नाही. पेडल थोडे खाली गेले की पाय थोडा अधिक जातो, आणि मेंदूकडे त्याची वर्दी देत नाही. घरातल्या माणसांचे पाय त्या गाडीबरोबरच बदलत गेले होते. बहिणीचा पाय बाहेरून आला होता, म्हणून त्याने खरे सांगितले.

तिचे निरीक्षण किती अचूक होते हे समजण्यासाठी त्या छोट्या सिलिंडरच्या आत काय चालते ते पाहावे लागते. कोंडलेल्या द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हे पास्कलचे म्हणणे तो वारल्यानंतर १६६३ साली छापले गेले. मोटारीच्या ब्रेकला ते लागू व्हायला अडीच शतकांहून अधिक काळ गेला. चारही चाकांना तेलाच्या दाबाने चालणारे ब्रेक देणारी पहिली मोटार १९२१ साली ड्युसेनबर्ग कंपनीने बाजारात आणली. मधल्या काळात अडले होते ते तत्त्वावर नव्हे. दाबाखाली न गळणारे सील करणे हेच अवघड होते. सुरुवातीच्या काळात चामड्याचे कप वापरून पाहिले गेले आणि ते गळत. रबरी कप आल्यावरच या ब्रेकवर भरवसा ठेवता आला. आजही सिलिंडरमधला धातूचा पिस्टन नुसता ढकलण्याचे काम करतो, तेल अडवण्याचे खरे काम त्याच्यावर बसवलेल्या बोटाच्या पेराएवढ्या रबरी कपाचे असते.

त्या कपावर पडणारा भार आकड्यांत मांडला तर दबकायला होते. जोरात ब्रेक दाबताना पायाचा जोर तीनशे न्यूटन धरू, म्हणजे साधारण तीस किलोचा भार. पेडलच्या तरफेने तो चौपट होतो आणि बूस्टर त्याला आणखी तिपटीच्या आसपास नेतो, म्हणजे पिस्टनवर छत्तीसशे न्यूटन येतात. सिलिंडरचा आतला व्यास वीस-एकवीस मिलिमीटर, त्याचे क्षेत्रफळ तीनशे चौतीस चौरस मिलिमीटरच्या जवळपास. भागाकार केला की दाब शंभर बारच्या पुढे जातो. चाकातल्या हवेचा दाब सव्वादोन बारच्या आसपास असतो, तेव्हा हा दाब त्याच्या जवळजवळ पन्नासपट झाला. एवढा दाब अडवणारी कपाची कड मात्र मिलिमीटरभरच जाडीची असते.

आता गमतीचा भाग असा की मोठा दाब या कडेला पेलतो आणि लहान दाब पेलत नाही. कपाची कड पुढे उघडणारी असते, त्यामुळे तेलाचा दाब तिला आतून बाहेर ढकलून सिलिंडरच्या भिंतीवर घट्ट बसवतो. दाब जितका जास्त तितकी कड जास्त घट्ट बसते. कड झिजली किंवा रबर कडक झाले, तर हलक्या दाबाखाली ती भिंतीपासून किंचित सुटते आणि तेल तिच्या बाजूने मागे सरकते. जोरात दाबले की तीच झिजलेली कड पुन्हा भिंतीला चिकटते आणि ब्रेक झकास लागतो. म्हणून अशा सिलिंडरची परीक्षा सगळा जोर लावून घेतली तर तो तिच्यात उत्तीर्ण होतो. इंजिन चालू ठेवून, पाय नुसता टेकवल्यासारखा ठेवून, मिनिटभर वाट पाहावी लागते. आमचे पेडल तसे करताच घड्याळाच्या काट्यासारखे, दिसेल न दिसेल अशा वेगाने, खाली निघाले. सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीत पाय नेमका याच हलक्या जोराने पेडलवर असतो.

म्हणजे आमच्या सिलिंडरमध्ये दोन दोष होते. मागच्या सीलमधून तेल बूस्टरमध्ये जात होते आणि पुढच्या कपाजवळून ते आतल्या आत मागे येत होते. पहिल्याने टाकीतले तेल कमी होते, दुसऱ्याने होत नाही, कारण तेल जिथून निघाले तिथेच परत येते. दोन्ही रबरे एकाच वयाची, एकाच तेलात मुरलेली, तेव्हा ती आगेमागे थकली यात नवल नाही. मला मात्र वाटते की पहिला दोष आमच्या उपकारासाठीच झाला. नुसता दुसरा असता तर टाकीतली पातळी जागची हलली नसती, आणि बहिणीच्या बोलण्यावर मी कदाचित बरेच दिवस मान डोलावत राहिलो असतो.

रोजचा पाय दोष झाकून घेतो, तसे झाकून घेणे गाडीच्या रचनेतही आहे, आणि ते मुद्दाम ठेवलेले आहे. जुन्या मोटारींत एकच पिस्टन आणि एकच मार्ग असे. कुठेही पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक जाई. पुढे एका सिलिंडरमध्ये एकामागे एक दोन पिस्टन आणि दोन स्वतंत्र मार्ग आले. अमेरिकेत १९६८ च्या आरंभापासून नव्या मोटारींना असे दोन मार्ग सक्तीचे झाले. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या पुष्कळ गाड्यांत पुढचे डावे चाक मागच्या उजव्याशी आणि पुढचे उजवे मागच्या डाव्याशी जोडलेले असते, त्यामुळे एक मार्ग गेला तरी एक पुढचे चाक हाताशी राहते. टाकीतही मध्ये एक आडभिंत असते, म्हणजे एका मार्गाची गळती दुसऱ्याचे तेल घेऊन जात नाही. या सगळ्याने असंख्य जीव वाचले असणार यात शंका नाही. पण ज्या यंत्राचा अर्धा भाग बिघडला तरी उरलेला अर्धा ते सावरून घेतो, त्या यंत्राचे दुखणे बाहेर यायलाही वेळ लागतो.

गाडी उभी करून ठेवली. ब्रेकच्या बाबतीत "तेवढं कामाला जाऊन येतो" याला अर्थ नाही. पुढचा प्रश्न किट टाकायचे की अख्खा सिलिंडर बदलायचा हा होता. किट म्हणजे नवे कप, सील आणि स्प्रिंग. सिलिंडरचे अंग तेच राहते. पूर्वी सिलिंडर बिडाचे असत, आत गंजाचे डाग पडले तर घासून गुळगुळीत करता येत, आणि किट टाकणे हे शहाणपणाचे काम होते. आताचे सिलिंडर ॲल्युमिनियमचे असतात आणि त्यांच्या आतल्या भिंतीवर एक कठीण थर चढवलेला असतो. तो घासला की खालचा मऊ धातू उघडा पडतो आणि नवा कप काही काळातच झिजतो. मी नवा सिलिंडर आणला. हे काम स्वतः करावे की नाही यावर माझे मत स्पष्ट आहे: ब्रेकचे याआधीचे लहानसहान काम हाताखालून गेलेले असेल, आणि काम संपल्यावर ते दुसऱ्या जाणत्या माणसाला दाखवायची तयारी असेल, तरच त्यात हात घालावा. आमच्या ओळखीच्या मेकॅनिकने शेवटी येऊन सगळे सांधे पाहिले, हे इथे सांगून ठेवतो.

पहिले संकट पाइपांच्या नटांचे असते. ते मऊ धातूचे असतात आणि वर्षानुवर्षे जागचे हललेले नसतात. साधा पान्हा दोनच बाजूंनी धरतो, त्यामुळे नटाचे कोपरे मारले जातात आणि मग पकडीने ओढाताण करता करता पाइपच पिळला जातो. यासाठी पाइपावरून सरकवता येईल एवढीच फट असलेला, नटाला बाकी सर्व बाजूंनी धरणारा फ्लेअर नट पान्हा मिळतो, आणि तो नसेल तर काम सुरूच करू नये. टाकीतले तेल आधी पिचकारीने काढून घेतले होते, खाली फडकी अंथरली होती, आणि बादलीभर पाणी जवळ ठेवले होते. रंगावर पडलेले ब्रेक ऑइल पाण्यात मिसळते, म्हणून ते पुसण्याऐवजी लगेच धुवावे. पुसले तर ते पसरते.

जुना सिलिंडर निघाल्यावर तो उघडून पाहण्याची गरज नव्हती, तरीही मी मागची सर्क्लिप, म्हणजे पिस्टनला आत अडवून धरणारी कडी, काढली. पिस्टन स्प्रिंगच्या जोराने पुढे आला आणि त्याच्याबरोबर काळसर, गढूळ तेल आले. नवे तेल फिकट मधाच्या रंगाचे असते. यात झिजलेल्या रबराची काजळी होती. कप बोटावर घेऊन कड अंगठ्याने वाकवली तर ती लवचिकपणे परत आली नाही, तशीच रेंगाळली. कडेचा एक भाग चकाकत होता, म्हणजे तिथली झीज एकाच बाजूने झाली होती. सिलिंडरच्या आत बॅटरीचा झोत टाकला तेव्हा पिस्टन रोज जिथवर जात असे तिथवरची भिंत स्वच्छ दिसली, आणि त्याच्या पलीकडे जिथे तो कधीच पोचत नव्हता तिथे खरखरीत करडा थर होता. जुन्या गाडीच्या ब्रेकमधली हवा काढताना पेडल तळापर्यंत दाबू नये असे जाणते लोक सांगतात, ते या थरामुळे. एरवी न पोचणाऱ्या भागात कप गेला की त्याची कड त्या खरखरीवर ओरबाडली जाते, आणि तेल बदलल्यावर दोनच दिवसांत सिलिंडर गेल्याची तक्रार येते.

तो थर येतो पाण्यामुळे. ग्लायकोलचे ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते, अगदी रबरी नळ्यांच्या भिंतींतूनही. डॉट ४ प्रतीचे कोरडे तेल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळावे असा नियम आहे, त्यात ३.७ टक्के पाणी शिरले की ही मर्यादा १५५ अंशांवर धरली जाते. लांब उतारावर ब्रेक तापतात तेव्हा हा फरक फार महत्त्वाचा ठरतो, कारण तेल उकळून वाफ झाली की पेडल वाफच दाबत बसते. टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रतीचेच, नव्याने उघडलेल्या डब्यातले तेल घालावे, आणि उरलेले पुढल्या वर्षासाठी जपून ठेवू नये. पेट्रोल, रॉकेल किंवा इंजिनाचे तेल यांचा तर थेंबही आत जाता कामा नये, त्यांनी ही रबरे फुगतात आणि मग एक सिलिंडर बदलून भागत नाही.

नवा सिलिंडर गाडीवर चढवण्याआधी त्याच्यातली हवा बाहेरच काढून घ्यावी लागते. तो व्हाइसमध्ये आडवा, समपातळीत धरला, दोन्ही तोंडांना बारीक नळ्या लावून त्यांची टोके टाकीतल्या तेलात बुडवली, आणि बोथट दांडीने पिस्टन हळूहळू ढकलायला लागलो. आधी मोठे बुडबुडे आले, मग लहान, मग बराच वेळ काहीच नाही, आणि आता संपले असे वाटताच पुन्हा मोहरीएवढ्या बुडबुड्यांची एक माळ आली. इथे घाई केली तर हवा तेलात घुसळली जाते आणि बाहेर यायचे नाव घेत नाही. काम कंटाळवाणे आहे, पण मला ते आवडते, कारण दांडी ढकलणाऱ्या हाताला फरक कळत जातो. आरंभी मऊ लागणारा पिस्टन शेवटी भिंतीला टेकल्यासारखा लागतो.

बसवताना एक गोष्ट मात्र मोजून घ्यावी. बूस्टरमधून येणारी दांडी आणि पिस्टन यांच्यात अगदी थोडी फट हवी. दांडी लांब झाली तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, टाकीकडे जाणारे सुईएवढे छिद्र कपाखाली झाकलेले राहते, आणि तापून फुगलेल्या तेलाला परत जायला वाट उरत नाही. मग ब्रेक आपोआप लागू लागतात. दांडी आखूड पडली तर पेडलचा प्रवास नुसताच वाढतो. बूस्टरच्या तोंडातून कोरडे फडके घालून पाहिले, थोडेच तेल निघाले. पुष्कळ निघाले असते तर बूस्टरही बदलावा लागला असता.

मग चाकांची पाळी आली आणि मुलीला हाक मारली. हवा काढण्याच्या कामात एक माणूस पेडलवर आणि दुसरा चाकाशी लागतो, आणि दोघांना एकमेकांचे काम दिसत नसते. चाकाजवळचे हवा सोडायचे छोटे तोंड म्हणजे निपल. ते उघडायच्या आधी पेडलवर दाब हवा, आणि पाय उचलायच्या आधी निपल बंद व्हायला हवे. हा क्रम एकदा चुकला की नळीतून हवा आत ओढली जाते.

"दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलंय, बाबा. खाली चाललंय."

"जाऊ दे. अजून सोडू नकोस... हं, आता हळू सोड."

कोणत्या चाकापासून सुरुवात करायची हे गाडीच्या पुस्तकात पाहून ठरवावे. लांबच्या चाकापासून आरंभ करावा हा जुना नियम सर्व गाड्यांना लागू पडत नाही. टाकी रिकामी होऊ देऊ नये, विशेषतः एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारे यंत्र, असलेल्या गाडीत, कारण त्या यंत्रात हवा शिरली तर ती काढायला बहुधा स्कॅनर जोडावा लागतो. शेवटच्या चाकावर मुलगी आपण होऊन म्हणाली, "आता पाय वरच थांबतोय." निपलमधून अजून चांगल्या-वाईटाचा काही बोध होत नव्हता, तिच्या पायाला आधी कळले.

मेकॅनिकने सांधे पाहून घेतल्यावर तपासणी केली. इंजिन बंद ठेवून पेडल काही वेळा दाबले, ते कडक झाले. तसेच धरून इंजिन सुरू केले तेव्हा ते थोडेसे खाली जाऊन थांबले, म्हणजे बूस्टर शाबूत होता. हलका पाय ठेवून बराच वेळ बसलो, पेडल जागचे हलले नाही. रिकाम्या जागेत, हात हँडब्रेकवर ठेवून, चालण्याच्या वेगाने गाडी फिरवली आणि मगच रस्त्यावर काढली.

दुसऱ्या दिवशी मुलगी गाडी चालवून आली ती तक्रार घेऊनच. "बाबा, ब्रेक बिघडलाय. नुसता पाय ठेवला तरी गाडी दचकते." ती नुकतीच गाडी शिकली होती, आणि शिकली ती याच गाडीवर, तो सिलिंडर थकत असतानाच्या महिन्यांत. ब्रेक म्हणजे आधी खोल जाणारे आणि मग पकडणारे काहीतरी, अशीच तिच्या पायाची समजूत झाली होती. तिला रिकाम्या मैदानात नेऊन पुन्हा हळूहळू दाबायला लावले. पहिले काही थांबे झटक्याचे झाले, नंतर तिने पेडलच्या वरच्या इंचभरातच ब्रेक जोखायला सुरुवात केली. जाताना माझाही पाय सारखा खोल जात होता, हे तिने हसत लक्षात आणून दिले.

पेडल कडक झाल्यावर एक नवीन गोष्ट जाणवू लागली. फार जोर दिला की शेवटी किंचित मऊपणा लागतो, आणि तो हवेचा नाही. पुढच्या चाकांकडे जाणारे रबरी होज जुन्या सिलिंडरच्याच वयाचे आहेत. दाबाखाली ते थोडे फुगत असावेत. वाकवून पाहिल्यावर एकावर बारीक भेगाही दिसल्या. तेव्हा होज आता बदलायचे आहेत, आणि त्या वेळी पेडलवर मी बसायचे आणि चाकाशी ती, हे मुलीने परस्पर ठरवून टाकले आहे.